एका क्रमांकाची दोन हाडं

केप टाउन,
४ मार्च १९९६

प्रिय मामा,

तुझ्या दाताला मी परवा भोक पाडलं. पत्र लगेच खाली ठेवू नकोस, पुढचं वाच. भोक मोहरीच्या निम्म्याएवढं आहे, तेही तुटलेल्या कडेला, आणि संग्रहालयाची लेखी परवानगी माझ्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. आजवर कितीतरी दात कोरले, पण तू स्वतः वाळूतून उचललेल्या जबड्यातला दात पहिल्यांदाच माझ्या हातात आला.

मेलेल्या माकडानं लाखो वर्षांपूर्वी काय खाल्लं ते चिमूटभर पुडीवरून कसं कळणार, असं तू दर सुट्टीत विचारतोस आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसतोस. आता कागदावर आहे, त्यामुळे ऐकावंच लागेल. आपल्याकडच्या उष्ण मुलखातल्या गवतात जड कार्बन जास्त असतो, झाडांच्या पाल्यात आणि फळांत कमी. दात घडत असताना जनावर जे खातं त्याचा कार्बन दाताच्या वरच्या चकचकीत थरात, म्हणजे एनॅमलमध्ये, जाऊन बसतो आणि मग तिथून हलत नाही. मी त्या थराची पूड केली, धुतली, आम्लात टाकली आणि निघालेला वायू यंत्रात सोडला. भोकाखेरीज आणखी दोन जागी नुसतं खरवडून एकाच दातावर तीन ठिकाणची पूड घेतली, म्हणजे वेगवेगळ्या महिन्यांतलं खाणं कळतं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. गवत.

आता खरी गोष्ट. संग्रहालयाच्या यादीत तुझ्या जबड्याच्या क्रमांकावर मांडीचं एक हाडही नोंदलेलं आहे. मूळ हाड नैरोबीत आहे, माझ्याकडे त्याची मापं आणि प्लास्टरची नक्कल आली आहे. त्या मापांवरून माकडाचं वजन निघतं पाच-सहा किलो. म्हणजे गावी किलुंगूला आपल्या मक्यावर धाड घालणारी माकडं असतात तेवढं. एवढासा जीव गवतावर जगू शकत नाही. लहान अंगाला पोट लहान आणि भूक मोठी, त्याला फळं, किडे असं सकस काहीतरी लागतं. गवत पचवायचं तर अंग मोठं हवं, पोटाला जागा हवी. आजवर सगळे हेच मानत आले. आणि तुझं माकड ते खोटं ठरवतंय. दात मोठे, अंग लहान आणि खाणं गवत.

माझ्या प्रोफेसर मोस्टर्टबाई म्हणाल्या, "कविन्या, ही एकतर फार मोठी बातमी आहे, नाहीतर कुणीतरी दोन जनावरं एका पिशवीत भरलीत." मी म्हटलं, किलोन्झो मामाच्या पिशवीत असं होत नाही. त्यांना तेवढ्यानं पटलं नाही. जुलैअखेर नैरोबीत मोठी परिषद आहे आणि भाषणाचा गोषवारा एप्रिलच्या मध्यापर्यंत द्यायचा आहे. म्हणून एवढंच लिहून कळव, की जबडा आणि मांडीचं हाड एकत्र सापडलं होतं का. एक ओळ पुरे.

तुझी
कविन्या


लोडवार टपाल कचेरी,
२७ मार्च १९९६

चिरंजीव कविन्या हिस मामाचा आशीर्वाद.

भोक पाडलं हे वाचून पत्र खाली ठेवणारच होतो. पुढचं वाचल्यावर जीव भांड्यात पडला. पत्र मी जेवणाच्या वेळी सगळ्या छावणीसमोर मोठ्यानं वाचलं. माझ्याबरोबर हाडं शोधणारा म्वेमा म्हणाला की पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी निघाली. मी म्हटलं, मग? शाळेत असताना आठ वर्षं कुणाच्या घरी राहून मका-घेवड्याची मुथोकोई खाल्ली तिनं? आज दिवसभर इथं कुणी माझ्याशी धड बोलत नाही, इतकी मी तुझी बढाई मारली आहे.

आता तुझ्या बाईंचं. त्यांना सांग, दुपारच्या उन्हात तापलेल्या खडीवर पोटावर झोपून एकदा तरी डोळे जमिनीला लावून बघा. तीस वर्षं मी हे करतोय. सापडलं की जागचं हलवायचं नाही. चढाच्या अंगाला तीन दगड मांडायचे, वहीत लिहायचं, मगच पिशवी. तीनच दगड, चौथा नाही. या तुर्काना सरोवराच्या काठानं कुणालाही विचार, किलोन्झोच्या पिशवीत कधी दोन जनावरं निघाली का. मोठमोठे साहेब माझ्यासमोर चुकले आहेत आणि मी गप्प बसून चहा प्यायलो आहे.

तुला एक ओळ हवी होती ना. माझ्या क्रमांकावर जे आहे ते माझं आहे आणि ते एकाच जनावराचं आहे. घे लिहून.

गुडघा बरा आहे. पाऊस नाही. शेळ्या झुडपांचे बुडखे खातायत.

तुझा
किलोन्झो मामा


केप टाउन,
२२ एप्रिल १९९६

प्रिय मामा,

तुझी ओळ मी बाईंना जशीच्या तशी वाचून दाखवली, साहेब आणि चहासकट. त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, की इतक्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवते. गोषवारा गेला. भाषणाचं नाव आहे 'गवतावर जगणारं लहान माकड'. परिषदेच्या पहिल्या दिवशी, मोठ्या सभागृहात. माझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलीला पहिला दिवस कधी मिळत नाही. इथली मुलं आता जिन्यात थांबून माझ्याशी बोलतात, आणि मी अशी चालते की आईनं बघितलं तर म्हणेल, ही अगदी भावावर गेली.

एक लहानसं काम आहे. छापायच्या लेखात बाईंना तुझ्या वहीतल्या त्या पानाचा फोटो हवा आहे. शोधणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरातली नोंद लेखात असावी, असं त्यांच्याच मनात आलं. त्यांना तुझा मान करायचा आहे. तेवढ्या पानाचा फोटो काढून पाठव.

कविन्या


लोडवार,
३० मे १९९६

चि. कविन्यास,

तुझं पत्र मिळालं. वही इथं नाही, किलुंगूला ट्रंकेत आहे. बघू. गुडघा दुखतो. दोन शेळ्या व्यायल्या, एक करडू काळं आहे. वहीत काय असणार, जे तुला सांगितलं तेच. मोठ्या लोकांना प्रत्येक गोष्टीचे फोटो कशाला लागतात कळत नाही.

मामा


केप टाउन,
१४ जून १९९६

मामा,

शेळ्यांची बातमी मी विचारली नव्हती.

तू वही छावणीत उशाशी ठेवतोस. अख्खी छावणी त्यावरून तुझी चेष्टा करते. मग नेमकी हीच ट्रंकेत कशी? मला भीती वाटायला लागली आहे आणि ती बाईंपासून लपवताना माझी तारांबळ उडते आहे. सभागृहात दोनशे माणसं असतील. त्यांच्यासमोर मी जे बोलणार आहे ते सगळं तुझ्या एका ओळीवर उभं आहे. काही असेल तर आत्ताच सांग. नसेल तर पान पाठव.

कविन्या


लोडवार,
१० जुलै १९९६

चिरंजीव कविन्या,

हे पत्र आणि सोबतचा डबा संग्रहालयाच्या गाडीनं नैरोबीला पाठवतोय, टपालावर भरवसा नाही. तू उतरलीस की तिथं मागून घे. डबा पत्र वाचल्यावर उघड.

मी किलुंगूला जाऊन ट्रंक उघडली. ते पान ११ ऑगस्ट १९९३ चं आहे. माझ्या अक्षरात एवढंच लिहिलंय: 'खालचा जबडा, डावी बाजू, माकड, मोठं. तीन दगड.' मांडीच्या हाडाचा शब्द नाही. त्याच्याखाली चाळीस दिवस काहीच लिहिलेलं नाही.

तो दिवस तुला दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. त्या दुपारी छावणीच्या रेडिओवर निरोप आला आणि ड्रायव्हर तो घेऊन मी होतो त्या घळीपर्यंत धावत आला. माझी वायुआ गेली होती. मी जबडा पिशवीत घातला, खूण केली आणि वर चढून एका बाभळीखाली जाऊन बसलो. ड्रायव्हर गाडी फेऱ्यानं वर आणेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी मला घरी नेलं आणि तुझ्या मामीला आपण मातीत ठेवलं. तू माझ्या शेजारी उभी होतीस. त्याच सकाळी मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जबडा सापडला होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आनंद कुठं ठेवायचा ते कळेना.

मार्चमध्ये तुझं पत्र वाचताना मला मांडीचं हाड आठवत नव्हतं. सगळे ऐकत होते, आठवायला वेळ नव्हता, असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला ते पान उघडायचं नव्हतं. आणि किलोन्झोला आठवत नाही असं म्वेमासमोर म्हणायचंही नव्हतं. म्हणून ती ओळ लिहिली. लिहिताना अक्षर मात्र चांगलं काढलं.

वही वाचल्यावर मी त्या घळीवर गेलो. बाभळीखाली कमरेएवढा दगडांचा ढीग आहे. माझे तीन दगड तिथून चाळीस पावलं खाली, अजून जसेच्या तसे. तो ढीग कुणाचा ते कळेना. तेवढ्यात नाकिरू आली. त्या भागात शेळ्या चारणारी तुर्काना जमातीची बाई, म्हणजे आता म्हातारीच. मी तिला ढिगाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तू इथं बसून रडत होतास. मग गाडीत बसून गेलास. आम्हाला वाटलं तुझं माणूस इथं ठेवून गेलास. दुसऱ्या दिवसापासून येता-जाता आम्ही एकेक दगड ठेवतो." मी म्हटलं, माझं माणूस इथं नाही, लांब डोंगरात आहे. ती म्हणाली, "असू दे. ठेवलेले दगड काढायचे नसतात."

कविन्या, मी तिथं पुन्हा बसलो. यावेळी ती शेजारी बसली.

पुढचं तूच जुळवलं असशील. मी घरी होतो त्या दिवसांत सापडल्या जागा नकाशावर मांडणारी आमची मोजणीची माणसं तिथं आली. किलोन्झोची खूण शोधत होती, त्यांना ढीग दिसला. ढिगाच्या बुडाशी मांडीचं हाड पडलेलं होतं, ते उचललं आणि त्यावर माझा क्रमांक घातला. तीन दगड आणि ढीग यातला फरक त्यांना कळला नाही. त्यांना बोल लावू नकोस. त्या घळीत दगड रचलेले दिसले की ते किलोन्झोचेच, हे मीच तीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात भरलं आहे.

मी परत जाऊन चाळण्या आणल्या, आणि नाकिरू तिच्या बहिणीला घेऊन आली. माझ्या तीन दगडांच्या खालची माती आम्ही सात दिवस चाळली. पाचव्या दिवशी अर्धा दात निघाला. जबड्याची प्लास्टरची नक्कल मी बरोबर नेली होती. तिच्यावरच्या तुटक्या दाताला तो लावून बघितला, चपखल बसला. म्हणजे जबडा तिथलाच, याबद्दल आता देवसुद्धा वाद घालणार नाही. आणि त्या अर्ध्या दातापासून हातभर अंतरावर टाचेचं हाड होतं. दातावर जो काळपट जांभळा लेप आहे तोच हाडावर. ते माझ्या अंगठ्याहून लांब आहे. हे पाच किलोच्या माकडाचं नाही. चांगलं दांडगं जनावर होतं.

किलुंगूहून परतताना नैरोबीला थांबून ते मांडीचं हाडही बघून आलो होतो. राखेच्या रंगाचं आहे. मातीच्या वरच्या थरातून घरंगळलेलं दुसरंच कुणीतरी. तुला प्लास्टर मिळालं, प्लास्टरला रंग नसतो. मला मात्र नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं, आणि तीन वर्षांत मी एकदाही बघितलं नाही.

तुझं लहान माकड गेलं. मी तुला खोटी ओळ दिली आणि दोनशे माणसांसमोर तोंडघशी पडायची वेळ तुझ्यावर आणली. म्हातारा विसरला असं सांग, मी नाही म्हणणार नाही. बाईंना वाटेल ते सांग. पण खरं हाड कोणतं ते मात्र सांग, कारण ते डब्यात आहे.

परिषदेला येणार होतो. सात दिवस गुडघ्यावर बसून चाळल्यामुळे आता पाय वाकत नाही, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं आहे. खरं म्हणजे यायला तोंडही नाही.

किलोन्झो


नैरोबी,
३ ऑगस्ट १९९६

प्रिय मामा,

आधी हे सांगून टाकते, की मला राग आला. फार राग आला. संग्रहालयाच्या पायरीवर बसून तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं की मेच्या महिन्यात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं. शेळ्या व्यायल्या म्हणे. मग मामीचा मजकूर दुसऱ्यांदा वाचला आणि तिथंच रडले. पहारेकरी पाणी घेऊन आला.

मग डबा उघडला. मामा, ते टाचेचं हाड किती सुंदर आहे. मी दोन दिवस मापं घेतली. तीस किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मोठ्या बबून माकडाहून भारी.

बाईंना सगळं सांगितलं, काहीही न झाकता. त्यांनी डब्यातली टाच हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, नाव मागे घे, आजारी आहेस असं कळवू, पुढच्या वर्षी बोल. त्यांनी ते माझ्यावरच्या मायेनं म्हटलं, हे मला कळत होतं. मी नाही म्हटलं. तुझा गुडघा सात दिवस चालला तर माझे पाय वीस मिनिटं उभे राहतील असं वाटलं.

सभागृह भरलं होतं. मी पहिलंच वाक्य बोलले, "माझ्या भाषणाचं जे नाव छापलंय ते चुकीचं आहे." पुढच्या रांगांत कुजबुज झाली. मग मी सगळं क्रमानं सांगितलं. एनॅमल काय म्हणतं ते आधी, कारण त्यात काही बदललेलं नाही, ते माकड तिन्ही वेळा गवतच खात होतं. मग मांडीचं हाड कुठून आलं, ढीग कुणी रचला आणि का रचला. तुझ्या रडण्याचंही सांगितलं. रागावू नकोस, त्याशिवाय ती चूक कुणालाच समजली नसती. नाकिरूचं नाव घेतलं, तिच्या बहिणीचं घेता आलं नाही, कारण तू लिहिलंच नाहीस. मग पडद्यावर तुटका दात जबड्याला जोडून दाखवला आणि त्याच्या शेजारी टाच. मोठं अंग, मोठं पोट, गवताचं खाणं. कुणाला धक्का बसेल असं त्यात काही उरलं नव्हतं. फक्त आता प्रत्येक तुकडा आपापल्या जागी होता.

प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. फार नावाजलेले आहेत. त्यांनी विचारलं, "ज्या शोधणाऱ्याचा शब्द मार्चमध्ये चुकीचा होता, त्याच माणसाचा शब्द जुलैमध्ये आम्ही खरा का मानावा?"

अगदी रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, "मार्चमध्ये ते बसल्या जागी बोलले आणि बोलणं त्यांच्या फायद्याचं होतं. जुलैमध्ये ते जाऊन बघून आले आणि त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचं तीस वर्षांचं नाव खाली येणार होतं. तरी त्यांनी ते डब्यात घालून माझ्याकडे पाठवलं. ते माझे मामा आहेत, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. हाड बाहेर टेबलावर आहे, दात त्याच्या शेजारी आहे. जाऊन बघा."

ते गृहस्थ खरंच बाहेर गेले. त्यांच्यामागे अर्धं सभागृह गेलं. परत आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त तुझं पूर्ण नाव विचारून वहीत लिहून घेतलं. मी ते दोनदा सांगितलं, म्हणजे नीट लिहितील.

शेवटच्या रांगेत म्वेमा आणि छावणीतले आणखी दोघं कोट घालून बसले होते, हे मला नंतर कळलं. म्वेमाच्या कोटाला इस्त्री होती, हे तुला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मामा, मला तुझा अभिमान वाटतो. हे कागदावर लिहून ठेवते, कारण तोंडावर म्हटलं तर तू विषय शेळ्यांवर नेशील. जबडा सापडला त्याचा अभिमान लहानपणापासून होताच, तो कुणालाही वाटेल. हा वेगळा आहे. आणि थोडा माझाही वाटतो, तेही लिहून ठेवते.

लेखात तुझ्या वहीचं पान छापणार आहोत. बाई म्हणाल्या, खालच्या रिकाम्या जागेसकट छापा.

तुझी
कविन्या


लोडवार,
२५ ऑगस्ट १९९६

चिरंजीव कविन्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच म्वेमा येऊन पोचला होता. तीन दिवस तो तुझंच भाषण करतोय, आणि रोज त्यात आणखी माणसं सभागृहाबाहेर पळत जातात. कोटही काढायला तयार नव्हता. तो म्हणाला, की माझी चूक सांगताना तुझा आवाज जेवढा होता तेवढाच माझं नाव सांगताना होता. मी ऐकून तंबूमागे जाऊन आलो. पुरुषमाणसाला असं काही सांगायचं असलं तर आधी बसायला सांगावं.

नाकिरूला मी सगळं समजावलं. तिच्या बहिणीचं नाव अकाई. पुढच्या वेळी दोघींचं घे, नाहीतर मला त्या घळीत पाय ठेवता यायचा नाही.

पाय आता वाकतो. काल दोन पोरी आणि एक मुलगा शोधायचं काम शिकायला नैरोबीहून आले. जेवताना त्यातली एक पोरगी एक हाड घेऊन म्वेमाकडे गेली आणि हे वरच्या थरातलं की खालच्या, असं विचारू लागली. मी शेजारीच होतो. आजवर अशा वेळी म्वेमाचं ठरलेलं उत्तर असे, किलोन्झोला विचार, तो चुकत नाही. तीस वर्षं ऐकलं आहे मी ते, आणि दर वेळी खाली बघून हसलो आहे.

काल तो म्हणाला, "किलोन्झोला विचार. तो जाऊन बघून येईल."

मला हे जास्त आवडलं. मी ताट ठेवलं आणि तिच्याबरोबर बघायला गेलो.

तुझा
किलोन्झो मामा